पाथरीची बहीण

प्लांटच्या गेटच्या आत ते माणसाच्या बुटाच्या लेसची गाठसुद्धा तपासायचे, आणि गेटच्या बाहेर पडले की पहिलं काम म्हणजे स्वतःचे बूट काढायचे. दोन्ही बूट लेसने एकमेकांना बांधून खांद्यावर टाकायचे आणि पार्किंगपर्यंत अनवाणी चालत जायचे. कतारच्या मेसईदमध्ये जूनच्या दुपारी डांबरावर पाय ठेवणं म्हणजे तापल्या तव्यावर ठेवणं. तेव्हाही ते भिंतीची सावली धरून, कडेच्या वाळूतून, अनवाणीच जायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, सकाळपासून जमिनीला माझा पाय लागलेला नाही, तिला काय वाटत असेल.

ते न्यूझीलंडचे माओरी. वय साठीला टेकलेलं, पण दारात उभे राहिले की दार भरून जाई. दोन्ही दंडांवर खांद्यापासून कोपरापर्यंत काळ्या-निळ्या गोंदणाची वेटोळी. आवाज मात्र एवढ्या देहाला न शोभणारा, हळू. मी त्यांना मोठ्याने बोलताना ऐकलं ते फक्त फायर ड्रिलच्या वेळी. सगळे त्यांना 'मातुआ' म्हणत. त्यांच्या भाषेत वडीलधाऱ्या पुरुषाला तसं म्हणतात, आपण काका-मामा म्हणतो त्यातलं. खरं नाव बॅजवर होतं, पण ते वाचायचे कष्ट कुणी घेत नसे.

मी नांदेडचा. इन्स्पेक्शन इंजिनिअर म्हणून इथे आलो तेव्हा माझे पहिले तीन दिवस त्यांच्या वर्गात गेले. सेफ्टीचं शिक्षण त्यांच्याकडे होतं. मॅनेजर असो की परांची बांधणारा, त्यांच्यापुढे तीन दिवस बसल्याशिवाय कुणालाही आत पाऊल टाकता येत नसे. वर्गाची सुरुवात ते स्वतःच्या नावाने करत नसत. आधी त्यांच्या डोंगराचं नाव सांगायचे, मग तळ्याचं, मग आज्या-पणज्यांचं, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं. मग एकेकाला उठवून विचारायचे, तुझी नदी कोणती?

नेपाळी पोरं कोसी, गंडकी म्हणाली. एक बिहारी वेल्डर बागमतीचं नाव घेताना इतका लाजला, जणू बायकोचंच नाव घेत होता. माझी पाळी आली तेव्हा मी सवयीप्रमाणे मुंबई म्हणालो. नांदेड कुणाला ठाऊक असतं इथे? त्यांनी शांतपणे विचारलं, मुंबईची नदी कोणती? मला मिठी आठवली आणि ती सांगायची हिंमत झाली नाही. मग म्हणालो, गोदावरी. ते म्हणाले, एवढी मोठी नदी असताना दुसऱ्याचं गाव कशाला सांगतोस?

त्यांचं म्हणणं असं की ज्याला आपली नदी आठवते तो घरी परत जायची काळजी घेतो. बाकी हेल्मेट, हार्नेस, परमिट हे सगळं त्याच्या नंतरचं.

त्यांचे काही नियम कुठल्याच सेफ्टी मॅन्युअलमध्ये नव्हते. टेबलावर कुणी बसलेलं त्यांना चालत नसे. ज्यावर अन्न ठेवतात त्यावर बूड टेकायचं नाही. एकदा आमचा प्रोजेक्ट मॅनेजर मीटिंगच्या आधी टेबलाच्या कोपऱ्यावर बसून फोनवर बोलत होता. मातुआ दारातच उभे राहिले. सगळे बसले, हे बसेनात. पाच मिनिटांनी मॅनेजरच्या लक्षात आलं, तो उठला, तेव्हा हे आत आले, खिशातल्या रुमालाने टेबलाचा तेवढा कोपरा पुसला आणि म्हणाले, यल्ला, सुरू करू या.

पण त्यांचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे रानटी भाजी. कतारमध्ये कसलं रान, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. ते मात्र चालती गाडी मध्येच कडेला घ्यायचे आणि जिथे कंपनीच्या बागेचा पाईप गळतोय, बस स्टॉपमागे एसीचं पाणी साचतंय, तिथे गुडघ्यावर बसायचे. एवढा धिप्पाड माणूस खुरट्या गवतात तोंड घालून बसलेला बघून बसमधली माणसं फोटो काढायची. त्यांच्या देशात 'पुहा' नावाची एक पालेभाजी असते, कुणी लावत नाही, आपली आपण उगवते. ती त्यांना मेसईदच्या सिक्युरिटी केबिनमागे सापडली होती, आणि तो दिवस ते सणासारखा सांगायचे. तोडताना त्यांची रीत ठरलेली होती. एका ठिकाणचं सगळं घ्यायचं नाही. तोडताना खायचं नाही. आणि पहिली पिशवी स्वतःच्या घरी न्यायची नाही, ती कुणाला तरी द्यायची. त्यामुळे फ्लॅटच्या दाराला अचानक पाल्याची पिशवी लटकलेली दिसली की समजायचं, मातुआ येऊन गेले. बहुतेक लोक ती कचऱ्यात टाकत. मीही एकदा टाकली होती.

ते सुट्टीत घरी जात नसत. चाळीस वर्षं बाहेर, आधी ऑस्ट्रेलियातल्या खाणी, मग सौदी, मग इथे. लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. त्यांचं गाव गरम पाण्याच्या झऱ्यांचं. तिथे म्हणे लोकांच्या परसात जमिनीतून वाफ निघते, बायका जाळीच्या पिशवीत मक्याची कणसं घालून उकळत्या कुंडात सोडतात आणि संध्याकाळी सगळं गाव गरम पाण्यात बसतं. जगभरातले प्रवासी ते बघायला येतात. हे सगळं ते रंगवून सांगायचे. मग तुम्ही का जात नाही, असं विचारलं की म्हणायचे, इन्शाल्ला, आणि विषय बदलायचे.

*

माझं लग्न होऊन वर्षभराने छाया इथे आली. ती किनवटकडची, पैनगंगेच्या अलीकडच्या जंगलातल्या एका गावातली. वडील फॉरेस्टमध्ये वनरक्षक होते. इंग्रजी तिला येत नव्हतं, हिंदी थोडंसं, तेही तेलंगणाच्या वळणाचं. मी सकाळी साडेपाचला कंपनीच्या बसने जायचो, संध्याकाळी यायचो. मधले तेरा तास ती, दोन खोल्या आणि खिडकीतून दिसणारी प्लांटची चिमणी, जिच्या टोकाला रात्रंदिवस ज्योत जळत असते. मला वाटायचं, होईल सवय. सगळ्यांना होते.

मग तिला दिवस गेले, आणि ती बदललीच. फोनवर आईशी तासन्‌तास बोलायची, भिंतीवर पेन्सिलने आठवडे मांडायची. पाचवा महिना संपत आला असताना एका सकाळी तिला ताप भरला, पोटात कळा सुरू झाल्या. दोह्याच्या हॉस्पिटलमध्ये त्यांनी शक्य ते सगळं केलं. मूल राहिलं नाही.

तिथे वसईच्या एक सिस्टर होत्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, मुलगी होती. विचारलं, बायकोला मी सांगू की तुम्ही सांगता? दाखवायची असेल तर आत्ताच दाखवावी लागेल. छाया तापात अर्धवट ग्लानीत होती. मी आईला नांदेडला फोन लावला. आई म्हणाली, काही दाखवू नको, काही सांगू नको. बघितलं नाही तर लवकर विसरेल. मी सिस्टरना नको म्हणालो. त्या कागद घेऊन आल्या. मी एकट्याने मुलीला बघितलं आणि सह्या केल्या.

चौथ्या दिवशी मी कामावर गेलो. छायाने मला काहीच विचारलं नाही. ती स्वयंपाक करेनाशी झाली. मी ब्रेड आणायचो, ती त्यातला एखादा तुकडा खायची. अंगावर दूध आलं होतं, ते तिने मला सांगितलं नाही. मी एकदा बाथरूमच्या दाराबाहेर उभा होतो तेव्हा कळलं. आम्ही एकमेकांशी अगदी नीट बोलायचो. पाणी आलंय का, दार लावलं का. एवढंच.

तीन आठवड्यांनी एका टाकीच्या आत उतरायच्या परमिटवर मी गॅस टेस्टचा आकडा न बघताच सही केली. तो कागद मातुआंच्या हातात पडला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. काम थांबवलं, टाकीतली माणसं बाहेर काढली, सगळं तपासलं, आणि मला ट्रेनिंगच्या रिकाम्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं. म्हणाले, तुझं डोकं इथे नाही. ते कुठे आहे ते सांग, मग काय करायचं ते ठरवू.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, मुलगी होती हेही. हे मी आईशिवाय आणखी कुणाला सांगतोय ते पहिल्यांदाच, हे माझ्या बोलता बोलताच लक्षात आलं.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तिला माहीत आहे?"

मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली. मला आठवडाभर ऑफिसच्या कामावर बसवलं.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराची बेल वाजली. मातुआ उभे होते, बूट दाराबाहेर काढलेले, हातात प्लास्टिकची पिशवी. आत आले, छायाला वाकून नमस्कार केल्यासारखं केलं आणि पिशवी तिच्या हातात दिली. मला वाटलं, आता ही ती पिशवी कुठेतरी ठेवून देईल.

छायाने आत हात घातला आणि एक जुडी बाहेर काढली. करवतीच्या दात्यांसारखी पानं, पोकळ देठ. तिने देठ मोडला. पांढरा चीक आला. तो बोटावर घेऊन वास घेतला, जिभेला लावला. तीन आठवड्यांत तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा कुतूहल बघितलं.

"ही पाथरी नाही," ती म्हणाली. "पाथरीची बहीण हाय. कुठं सापडली यांना?"

मातुआ माझ्याकडे बघू लागले. मी भाषांतर केलं, की हिच्या माहेरी अशीच एक भाजी असते, जमिनीला चिकटून वाढते, तिलाही चीक असतो. ते एवढे खूश झाले की खाली फरशीवरच मांडी घालून बसले. छायाही बसली. मग ती एकेक पान उलटून बघत त्यांना मराठीत सांगू लागली आणि ते तिला इंग्रजीत. मी मध्ये भाषांतर करत होतो, पण मला जाणवलं की माझी फारशी गरज नाही. कोवळं कुठलं, जून कुठलं, कडूपणा कसा काढायचा, चोळून धुवायचं की उकळून पाणी टाकायचं, हे सगळं हातांनीच चाललं होतं.

बोलता बोलता ती म्हणाली, "आमच्याकडं बाळंतिणीला देतेत ही. दूध उतरायला."

म्हणाली आणि थांबली. हातात जुडी तशीच. मी त्या वाक्याचं भाषांतर केलं नाही. मातुआंनी विचारलंही नाही. छाया रडू लागली, आवाज करून, घरात कुणी परका बसलाय याची पर्वा न करता. ते जागचे हलले नाहीत, तिला हात लावला नाही, उगी उगी म्हणाले नाहीत. मी उठून पाणी आणायला निघालो तर मला हाताने खुणावलं, बस. मी बसलो. किती वेळ गेला कोण जाणे. तिचं रडणं संपल्यावर ते उठले आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, करू या का?

त्या संध्याकाळी आमच्या घरात तीन आठवड्यांनी फोडणीचा वास आला. लसूण, वाळलेली मिरची आणि ज्वारीचं पीठ पेरून तिने भाजी केली. मातुआंनी तीनदा घेतली. छायाने त्यांचं नाव विचारलं, मी मातुआ म्हणून सांगितलं. ते तिच्या जिभेवर बसेना, म्हणून तिने त्याच दिवसापासून त्यांना मामा करून टाकलं.

*

त्यानंतर शुक्रवारी सकाळी ते पिकअप घेऊन यायचे आणि आम्ही तिघं भाजीला जायचो. अल रय्यानच्या पुढे शेतं आहेत, त्यातल्या एका शेतावरच्या म्हाताऱ्या मुकादमाशी त्यांची ओळख होती. वाफ्यातलं तण काढून नेणारी माणसं त्याला हवीच होती. छायाला तिथे घोळ सापडली, तांदुळजा सापडला. हिवाळ्यात वाळवंटात एक आंबट पाला उगवतो, इथले लोक त्याला हुमैद म्हणतात. तिने तो चाखून जाहीर केलं की हा तर चुका. त्याची डाळ-भाजी केली. मी नांदेड शहरात वाढलेला. तण आणि भाजी यातला फरक मला बाजारातल्या टोपलीवरूनच कळायचा. त्या दोघांच्या मागून पिशवी धरून चालताना मला माझी बायको पहिल्यांदाच दिसली म्हटलं तरी चालेल. ती हुशार होती. ते मला माहीतच नव्हतं.

मातुआ तिला इंग्रजी शब्द शिकवायचे, पानाचे, मुळाचे, चवीचे. त्यामुळे तिला 'हॅलो, हाऊ आर यू' यायच्या आधी 'बिटर' आणि 'टेंडर' यायला लागलं. मला मात्र ते अधूनमधून बाजूला घेऊन विचारायचे, सांगितलंस? मी म्हणायचो, आता कुठे ती सावरतेय.

जानेवारीत पाऊस चांगला झाल्यावर ते आम्हाला अल खोरच्या पुढे उत्तरेला घेऊन गेले, 'फगा' शोधायला. वाळवंटात जमिनीखाली उगवणारी ती बटाट्यासारखी अळंबी. ती थेट दिसत नाही. एक खुरटं झुडूप असतं, त्याच्या आसपास जमीन जरा फुगलेली, तडकलेली दिसते. तिथे काडीने उकरायचं. गाडी त्यांनी कच्च्या रस्त्यावरच ठेवली. झुडपांवरून चाक नेलेलं त्यांना चालायचं नाही. वारा गार होता. छाया पदर डोक्यावरून घट्ट बांधून वाकून वाकून चालत होती, आणि तासाभरात तिच्या ओंजळीत सात-आठ तरी होत्या. मला एकही नाही.

ती लांब गेल्यावर मातुआ माझ्याशेजारी उकिडवे बसले. काडीने जमिनीतली एक भेग दाखवत म्हणाले, आमच्या गावाला अशी भेग दिसली की आम्ही लांब पळायचो. मग त्यांनी सांगितलं.

ते तेरा वर्षांचे होते, धाकटी बहीण सहा वर्षांची. आईने दोघांना पुहा आणायला पाठवलं होतं. झऱ्यांच्या बाजूला लाकडी कुंपण होतं, त्याच्या पलीकडे त्यांना भरघोस भाजी दिसली. त्यांनी बहिणीला सांगितलं, इथेच बस, हलायचं नाही. आणि स्वतः कुंपण ओलांडून गेले. पाय कुठे ठेवायचा ते त्यांना माहीत होतं. थोड्या वेळाने तीही त्यांच्या मागे आली. तिथली जमीन वरून कोरडी, घट्ट दिसते, खाली उकळतं पाणी असतं. दोन दिवस जगली ती.

त्यांच्या लोकांत मेलेल्या माणसापाशी तीन दिवस बसतात, त्याच्याशी बोलतात, गातात, भांडतात, हसतातसुद्धा. ते सगळं झालं. पण त्यानंतर घरात त्यांच्यासमोर तिचं नाव कुणी काढलं नाही. ते खोलीत आले की बोलणं बदलायचं. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी घर सोडलं. वडील गेले तेव्हा दोन दिवसांसाठी गेले, आई गेली तेव्हा गेलेच नाहीत.

"ते मला जपत होते की मला दोष देत होते, हे मला आजपर्यंत माहीत नाही," ते म्हणाले. "कुणी बोललंच नाही ना. तू म्हणतोस तिला जपतोयस. तिला ते कसं कळणार?"

मी उठलो. छाया बऱ्याच लांब एका झुडपाशी बसली होती. तिच्याकडे चालत जाताना मी वाक्यं जुळवत होतो आणि पोचेपर्यंत एकही उरलं नाही. मी तिच्याशेजारी वाळूत बसलो आणि म्हणालो, "छाया, मुलगी होती."

ती उकरत होती, तिचा हात थांबला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मग तिने विचारलं, तुम्ही बघितली का? मी हो म्हणालो. केस होते का? होते. रंग कुणावर गेला होता? मी आठवेल ते सगळं सांगितलं, एवढीशी बोटं, एका कानाची वळलेली पाळी. सांगताना मला रडू फुटलं आणि तिने मला रडू दिलं. नंतर ती म्हणाली, मला दाखवायला पाहिजे होती. मी म्हणालो, हो, पाहिजे होती. ती चूक मी तशीच्या तशी कबूल केली. तिने मला माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि मीही ते मागितलं नाही. पण त्या दिवसापासून आम्ही दोघं तिच्याबद्दल बोलतो. आजही.

मातुआ पाठ करून गाडीपाशी उभे होते, समुद्राच्या दिशेने तोंड करून. आम्ही आलो तेव्हा छायाने ओंजळीतल्या सगळ्या अळंब्या त्यांच्या हातात ठेवल्या. म्हणाली, मामा, ही पहिली पिशवी.

*

पुढे ते चार वर्षं इथे होते. त्या चार वर्षांत त्यांनी आमच्या बिल्डिंगमागे वाळूत खड्डा खणून, तापवलेल्या दगडांवर ओली पोती टाकून कोंबड्या आणि रताळी वाफवली आणि सिक्युरिटीला आग लागल्याचा भास झाला. लोकांना सेफ्टी शिकवणाऱ्या माणसाला सेफ्टीची नोटीस मिळाली. ती त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावली. छाया तोवर इंग्रजीत त्यांच्याशी भांडण्याइतकी तयार झाली होती.

निवृत्त झाले तेव्हा त्यांना विचारलं, आता कुठे जाणार? म्हणाले, अजून ठरवलं नाही. छायाला ते उत्तर आवडलं नाही. त्यांच्या बहिणीचं मी तिला पूर्वीच सांगितलं होतं. ती म्हणाली, आधी आमच्याकडे चला. आमच्या गावाजवळ गरम पाण्याचं कुंड हाय, उनकेश्वरला. शरभंग ऋषींच्या अंगाचा दाह जावा म्हणून रामाने बाण मारून ते काढलं म्हणतात. त्वचेचे रोगी येतात तिथे, प्रवासी येतात. मातुआ हसले, म्हणाले, मी वर्षानुवर्षं गरम कुंडाच्या काठी गेलो नाही. ती म्हणाली, म्हनून तर.

आम्ही हैदराबादला उतरलो आणि गाडीने आदिलाबादमार्गे गेलो. सासरे आमच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. त्यांना सगळे दादा म्हणतात. नोकरी संपून दहा वर्षं झाली तरी खाकी शर्ट सोडवत नाही. त्यांनी आणि मातुआंनी पहिला पूर्ण दिवस जंगलात काढला, एकमेकांचा एक शब्द न कळता. परत आले ते दोघांचेही खिसे पाल्याने आणि शेंगांनी भरलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उनकेश्वरला गेलो. थंडीचे दिवस. कुंडावर वाफ तरंगत होती. गंधकाचा वास येताच मातुआ पायऱ्यांवर थांबले. एवढा मोठा माणूस, पण पाय पुढे पडेना. पुरुषांच्या बाजूला पाच-सहा जण अंघोळ करत होते. मी म्हणालो, नको असेल तर परत जाऊ.

दादांनी त्यांची अवस्था बघितली. दादांना मातुआंच्या बहिणीचं काही माहीत नव्हतं. आम्ही सांगितलं नव्हतं. त्यांनी धोतर वर खोचलं, आधी स्वतः पाण्यात उतरले, पायाने तळ चाचपला आणि हात पुढे केला. म्हणाले, "या. हितं फरशी हाय. मी पाय ठिवून बघितलाय."

मी भाषांतर केलं. मातुआंनी तो हात धरला आणि एकेक पायरी करत ते खाली उतरले, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. मग बसले. दादांनी तांब्या घेतला आणि त्यांच्या पाठीवर पाणी घालू लागले, जसं घरी आलेल्या पाहुण्याला घालतात तसं, सावकाश, एक तांब्या, दुसरा तांब्या. मातुआंचे खांदे हलत होते. दादा थांबले नाहीत. आजूबाजूच्या लोकांनी आपापलं तोंड दुसरीकडे केलं.

बाहेर आल्यावर त्यांनी टॉवेल गुंडाळला आणि माझ्याकडे स्वतःचा फोन मागितला. अंग ओलं, केस गळतायत. त्यांच्या गावी तेव्हा दुपार कलत आली असेल. त्यांनी भावाला फोन लावला, ज्याच्याशी आई गेल्यापासून ते बोललेले नव्हते. पलीकडून आवाज आला आणि ते त्यांच्या भाषेत बोलू लागले. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. आधी थांबत थांबत, मग घाईने, मग ते नुसतं ऐकतच राहिले. दादा म्हणाले, बोलू द्या त्यांना, आपण गाडीत बसू.

आम्ही गाडीत बसलो. पाऊण तास झाला असेल. छायाने मला मागे वळून बघू दिलं नाही.

मग गाडीचं मागचं दार उघडलं आणि ते दादांच्या शेजारी येऊन बसले. कपडे घातलेले, केस अजून ओले. म्हणाले, भाऊ म्हणतो, आम्ही तुझ्यासाठी गप्प बसायचो. तू तिचं नाव ऐकलंस की जेवायचा थांबायचास, म्हणून आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी पुढच्या आठवड्यात येतो म्हणालो, तर स्टेशनवर न्यायला येतोय म्हणतो. आमच्या गावाला स्टेशन राहिलेलंच नाही, कुठे येणार आहे कोण जाणे.

छाया पुढच्या सीटवरून वळली आणि तिच्या इंग्रजीत तिने विचारलं, मामा, तिचं नाव काय?

"मेरे," ते म्हणाले.

दादांनी ते ऐकलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण त्यांनी नोकरीची अर्धी वर्षं हिंदी बोलणाऱ्या साहेबांबरोबर काढली होती. त्यांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितला आणि मला म्हणाले, "त्यांना सांग, आमच्या इकडं हिंदीत 'मेरे' म्हणजे माझे."

मी सांगितलं. मातुआ दादांकडे वळले.

"हो," ते म्हणाले. "तेच."